डोंगर दिसला की नाही

पाऊस चुकवण्यासाठी आम्ही परदेशी गेलो होतो, हे वाक्य आमच्या सोसायटीत आता कुणालाही सरळ चेहऱ्याने पूर्ण करता येत नाही. अर्ध्यावर आलं की हसू फुटतं. हसा म्हणावं. मी शांताराम चेंदवणकर, वसईतल्या एका साध्यासुध्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहतो आणि तिथला पूरप्रमुख आहे. हे पद मला कुणी दिलेलं नाही. मोठ्या पुराच्या वर्षी आमच्या घरात पाणी शिरलं, फ्रिज आडवा होऊन दारापर्यंत तरंगत आला, तेव्हा मी एक शिट्टी विकत घेतली आणि पद आपोआप झालं. पाणी गेटच्या तिसऱ्या दांडीला लागलं की मी तीन वेळा शिट्टी मारतो. मग तळमजल्यावरच्या प्रत्येक घराने गाद्या माळ्यावर, सिलिंडर ओट्यावर, फ्रिज पलंगावर चढवायचा. पण त्याआधी मेन स्विच बंद. ‘आधी मेन स्विच, मग संसार’ असं मी मीटरच्या पेटीशेजारी लाल रंगात लिहवून घेतलेलं आहे. काही लोकांनी त्याखाली पेन्सिलने वाटेल ते लिहिलंय, त्याकडे मी लक्ष देत नाही.

तर परदेशाचं खूळ माझं नव्हे. ते विनिताचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं. एका रविवारी बिरडं सोलता सोलता ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून मे महिन्यात तुमच्या गावी, गणपतीत तुमच्या गावी, शिमग्याला तुमच्या गावी. मला एकदा बर्फाचा डोंगर बघायचाय. टीव्हीत नाही, कॅलेंडरवर नाही. असा समोर.”

“बघू की,” मी म्हणालो. संसारात हे उत्तर बरीच वर्षं चालतं.

“बघू नाही. यंदा. आणि पाऊस असेल तिथे मी यायची नाही. पाऊस मला इथे घरात येऊन भेटतो.”

बाईने उभ्या आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नव्हतं. मागितलं असेल तर मला ऐकू गेलेलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी स्वित्झर्लंड ठरवून टाकलं. डोंगरही ठरवला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कुणालाच धड उच्चारता आलं नाही आणि सगळे त्याला नुसतं ‘डोंगर’च म्हणू लागले. मुलगी उन्नती, कॉलेजात जाते, तिने एकदा बरोबर उच्चारून दाखवलं होतं. तेव्हा आई म्हणाली, “शिंक आली का गं?”

आई म्हणजे माझी आई, यमुनाबाई. ती येणारच होती. “मला काय करायचंय परदेश,” असं ती सगळ्यांना सांगत होती आणि त्याच दिवशी तिने जुना स्वेटर उन्हात घातला होता.

टूर कंपनीबरोबर जायला मी साफ नकार दिला. लोक म्हणाले, सोयीचं पडतं, जेवायला वरणभात मिळतो. पण तिथे पुढे एक माणूस झेंडा आणि शिट्टी घेऊन चालतो आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून जायचं असतं. शिट्टी दुसऱ्याच्या हातात, हे मला मानवणारं नव्हतं. मी स्वतः सगळं ठरवीन म्हणालो. जूनचा दुसरा आठवडा पक्का केला. म्हणजे इकडे पाऊस सुरू होणार आणि आपण तिकडे उन्हात. हा हिशोब मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलासुद्धा.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला किंवा परदेशी निघाला की सगळ्यांना त्यातलं कळायला लागतं. तिसऱ्या मजल्यावरचे परुळेकर दुबईला जाऊन आलेले आहेत. “पाणी जपून प्या, तिकडे वाळवंटामुळे…” असं त्यांनी सुरू केलं. मी म्हटलं, अहो, मी स्वित्झर्लंडला चाललोय. तर म्हणाले, “तेच ते. फॉरेन ते फॉरेन.” शेजारच्या हंसाबेनने थेपल्यांचा एवढा गठ्ठा आणून दिला. “चेंदवणकरभाई, उधर कुछ खाने को नहीं मिलता, सब में अंडा डालते हैं,” ती म्हणाली, आणि लोणच्याच्या बरणीवर वेगळं प्रवचन दिलं.

पण खरा काटा मायकलचा. मायकल तुस्कानो, मूळचा वसईतल्याच होळी गावचा. वाडी धाकट्या भावाकडे सोपवून आता आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. माणूस चांगला आहे, पण त्याला माझ्या शिट्टीचा हेवा आहे. तो सुकेळ्यांची दोन बांधीव पुडकी घेऊन आला. राजेळी केळी उन्हात सुकवून, केळीच्याच सोपात घट्ट आवळलेली. वसईबाहेर निघालेल्या माणसाला ती दिल्याशिवाय इकडे निरोप पुरा होत नाही. पुडकी टेबलावर ठेवून तो म्हणाला, “छत्र्या घेतल्यास ना?”

“छत्र्या कशाला?”

“आमची स्टेफी नर्स आहे ना तिकडे, जर्मनीत. ती म्हणते, जूनमध्ये रोज पडतो.”

“मायकल,” मी समजावणीच्या सुरात म्हणालो, “तिकडे जूनला समर म्हणतात. समर! आणि पावसातलं तू मला सांगू नकोस.”

“मी काय सांगणार बाबा. तू पूरप्रमुख.”

हा टोमणा होता. आदल्या रात्री मी बॅगेत छत्र्या भरलेल्या होत्या, हे खरं. पण आता त्या नेणं म्हणजे मायकलपुढे मान तुकवणं. त्यातून बॅग वजनात बसेना. ती आम्ही रद्दीवाल्याच्या काट्यावर टांगून बघितली होती, तेव्हा त्याने सवयीने भाव विचारला होता. काहीतरी काढायलाच हवं होतं. मी चार छत्र्या आणि चार रेनकोट काढले आणि सुकेळी भरली.

“नक्की ना?” विनिताने विचारलं.

“समर आहे,” मी म्हणालो.

व्हिसा त्याआधीच झाला होता. त्या कचेरीबद्दल लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल. माझा फोटो तीनदा परत आला. एकदा कान दिसत नाहीत म्हणून, एकदा हसतोय म्हणून, आणि एकदा का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आईच्या बोटांचे ठसे तर उमटतच नव्हते. आयुष्यभर नारळ खवून आणि भांडी घासून तिची बोटं गुळगुळीत झालेली आहेत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, जरा जोरात दाबा.” आईने एवढ्या जोरात दाबलं की यंत्र मागे सरकलं आणि मुलीला ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. शेवटी साहेब आले. त्यांनी जाण्याचा उद्देश विचारला. मी सांस्कृतिक देवाणघेवाणीवर दोन वाक्यं पाठ केली होती. पहिलं निम्मं झालं, तोच विनिता म्हणाली, “डोंगर बघायचाय.” साहेबांनी मान हलवली आणि शिक्का मारला. माझं उरलेलं दीड वाक्य अजून तसंच शिल्लक आहे.

परदेशातल्या विमानतळावर सुकेळी अडली. हातमोजे घातलेल्या एका अधिकाऱ्याने पुडकं सोडलं. आतून ते काळपट, चिकट प्रकरण निघाल्यावर त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने कुत्र्याला. कुत्र्याने हुंगलं आणि तो पुडक्यासमोर बसला. उठेचना. उन्नतीने सांगितलं की हे वाळवलेलं केळं आहे. अधिकाऱ्याने विचारलं, केळं का वाळवायचं? मला या प्रश्नाचं उत्तर आजही देता येत नाही. तेवढ्यात आईने पुढे होऊन एक सुकेळं उचललं, त्याच्यादेखत खाल्लं आणि एक त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते खिशात घातलं आणि आम्हाला सोडलं. कुत्रा मात्र आमच्यामागून बराच वेळ येत होता.

दार उघडून बाहेर आलो तर पाऊस.

साधा पाऊस नव्हे. आमच्याकडे आषाढात लागतो तसा, घाई नसलेला, मुक्कामाला आलेला पाऊस. मी म्हणालो, “सर आहे. जाईल.” विनिताने पदर डोक्यावर घेतला. आगगाडीत पाऊस, गावात पाऊस, हॉटेलच्या दारात पाऊस. हॉटेल म्हणजे लाकडी दुमजली घर, खिडक्यांत लाल फुलं, शेजारून ओढा. आईच्या गुडघ्यांमुळे मी मुद्दाम तळमजल्यावरची खोली मागितली होती. मालकीणबाई सुझान, साठीच्या, उंच आणि काटक. त्यांनी खिडकी उघडून हाताने समोर दाखवलं. उन्नतीने भाषांतर केलं, “त्या म्हणतायत, डोंगर तिथे आहे.”

तिथे पांढरं होतं. वरपासून खालपर्यंत नुसतं पांढरं.

“उद्या,” सुझानबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही त्या “उद्या” म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एक टीव्ही होता, त्यावर डोंगराच्या माथ्यावरच्या कॅमेऱ्यातून थेट चित्र दिसायचं. तेही पांढरं. आई त्या टीव्हीसमोर बसून जपमाळ ओढायची आणि मधूनच म्हणायची, “शांताराम, केबलवाल्याला सांग रे.” छत्र्या नसल्यामुळे आम्ही दुकानातून प्लास्टिकचे लाल झगे विकत घेतले. ते घालून रस्त्याने चौघं निघालो की सिलिंडर ओळीने चालल्यासारखे दिसायचो.

चौथ्या दिवशी मी हट्टाने सगळ्यांना डोंगरासमोरच्या शिखरावर जाणाऱ्या गाडीच्या तिकीट खिडकीवर नेलं. खिडकीतली बाई म्हणाली, आज काही दिसणार नाही, तिकीट घेऊ नका. आता मला सांगा, तिकीट विकायला बसलेला माणूस तिकीट घेऊ नका म्हणतो, हे आपल्याकडे कधी ऐकलंय? मला यात काहीतरी डाव वाटला. आतल्या जागा ओळखीच्या लोकांसाठी ठेवल्या असणार. मी चार तिकिटं घेतली.

वर गेलो. कठड्याशी उभे राहिलो. समोर एक फळा होता, त्यावर बाण काढून कुठलं शिखर कुठे ते लिहिलं होतं. मी फळ्यावर बोट ठेवून सगळ्यांना समजावू लागलो, “हे डावीकडचं ते… हे त्याच्यामागचं… आणि आपला डोंगर हा, अगदी समोर.”

विनिताने फळ्याकडे बघितलं, समोर बघितलं. “आणि आपण कुठे आहोत?” तिने विचारलं.

मी सगळ्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ‘निसर्गाचा अद्भुत आविष्कार!’ असं वर लिहिलं. पाच मिनिटांत मायकलचं उत्तर आलं, “मागे चादर कुणी धरलीय?” त्याखाली परुळेकरांनी हसणारी तोंडं टाकली, आणि त्याच्या खाली हंसाबेनने गच्चीवरचा फोटो टाकला होता. कडक ऊन, वाळत घातलेले पापड. मान्सून लांबला होता. वसई कोरडी ठणठणीत होती. अख्ख्या जगात त्या दिवशी चेंदवणकर कुटुंब तेवढं पावसात होतं.

खाली येताना गाडीत विनिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. मधेच म्हणाली, “जाऊ दे हो. डोंगर काही पळून जात नाही. आपणच परवा चाललोय.”

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणाला माझ्याकडे उत्तरं आहेत.

दुसरा दिवस शेवटचा पूर्ण दिवस. दुपारी सुझानबाई पलीकडच्या गावी सामान आणायला गेल्या. मी ओसरीत बसून ओढ्याकडे बघत होतो. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. पाऊस एकदम वाढला. ओढ्यात एक मोठा दगड होता, सकाळी त्यावर पक्षी बसलेला मी बघितला होता. तो दगड आता दिसेना. मागून आई येऊन उभी राहिली.

“शांताराम, पाण्याचा रंग बघितलास?”

“बघतोय.”

“हा चढणारा रंग आहे.”

संपलं. इतके दिवस त्या परक्या गावात मला काही कळत नव्हतं, कुठली गाडी, कुठलं तिकीट, पाव कापायचा कसा. पण हे कळत होतं. माझा हात खिशात गेला. किल्ल्यांच्या जुडग्यात शिट्टी होती. मी तीन वेळा वाजवली.

आधी मेन स्विच. तो जिन्याखाली सापडला, एवढा मोठा खटका, तो मी खाली ओढला. मग संसार. विनिता धावत आली, “अहो, दुसऱ्याचं घर आहे हे!”

“पाण्याला कळतं का ते?”

“त्या बाईंना विचारा तरी!”

“बाई येईपर्यंत गुडघ्याएवढं होईल.”

ती दारात उभी राहिली. एकदा ओढ्याकडे बघितलं. आणि मग वाकून गालिचा गुंडाळायला लागली. तोंडाने नको नको म्हणत होती, पण हात ऐकत नव्हते. इतकी वर्षं तेच केलेलं. उन्नतीने टीव्ही काढून माळ्याच्या शोधात फिरवला, माळा नव्हता, म्हणून कपाटावर ठेवला. वरच्या मजल्यावर एक म्हातारं जपानी जोडपं उतरलं होतं. शिट्टी ऐकून ती दोघं खाली आली, वाकून नमस्कार केला आणि मी दाखवीन ते उचलू लागली. शिट्टीला भाषा लागत नाही, हे मी नेहमी सांगतो. आम्ही फ्रिज पलंगावर चढवला. खुर्च्या टेबलांवर, उंच लाकडी घड्याळ सोफ्यावर आडवं निजवलं. मग जपानी गृहस्थांनी मला तळघराचं दार दाखवलं. आत खाली जमीन नुसती ओलसर, आणि फळ्यांवर चीजची चाकं रचलेली, जात्याएवढाली. आम्ही साखळी केली. तळघरातून मी, मग जपानी गृहस्थ, त्यांची बायको, विनिता, उन्नती, आणि सगळ्यात वर आई. एकेक चाक हातोहात वर गेलं आणि जिन्याच्या पायऱ्यांवर मांडलं गेलं. घरभर असा वास सुटला की आईने पदर नाकाला लावला. “नासलंय की काय रे सगळं?” ती म्हणाली. पण काम थांबवलं नाही.

सुझानबाई आल्या तेव्हा पाऊस ओसरला होता. ओढा काठाच्या आत, शहाण्यासारखा वाहत होता. बाईंनी दारातून आत बघितलं. पलंगावर फ्रिज. सोफ्यावर घड्याळ. जिनाभर चीज, आणि त्याच्या वरच्या टोकाला जपमाळ घेतलेली आमची आई.

त्या बरंच काही बोलल्या. उन्नती म्हणाली, “त्या विचारतायत, का?”

मी सविस्तर सांगितलं. पूर, वसई, तिसरी दांडी. उन्नतीने ते एका वाक्यात आटपलं. मग बाईंनी विचारलं, दिवे का गेलेत? मी जरा अभिमानानेच जिन्याखालचा खटका दाखवला. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या तळघराकडे धावल्या, मी त्यांच्यामागून.

तर त्याचं असं होतं. त्या घराच्या तळघरात जमिनीतून पाझर येतो. पाऊस लागला की एक पंप आपोआप चालू होतो आणि पाणी बाहेर टाकतो. बाईंच्या सासऱ्यांच्या काळापासून हे चाललंय. कुणाला कधी कळतही नाही. आणि तो पंप अर्थातच विजेवर चालतो.

तळघरात मांडीएवढं पाणी होतं. त्या घरात पहिल्यांदा पूर आला होता, आणि तो मी आणला होता. घाबरून मी पुढचं पाऊल टाकलं आणि सरळ खाली बसलो, वरच्या खिशातल्या माझ्या आणि विनिताच्या फोनसकट. साखळी करताना तिने तिचा फोन माझ्याकडे दिला होता.

सुझानबाई पायरीवर, एका चीजच्या चाकाशेजारी बसल्या. खालचं पाणी बघितलं, मग वर मांडलेला सगळा माल बघितला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. नीट बघितलं तर हसत होत्या, थांबतच नव्हत्या.

“काय म्हणतायत?” मी उन्नतीला विचारलं.

“म्हणतायत, ज्याने पूर आणला त्यानेच चीज वाचवलं. आता विमेवाल्याला सांगायचं काय?”

ती अडचण खरी निघाली. गावचे बंबवाले आले, त्यांनी पाणी उपसलं, त्यात वरचे गालिचे चिंब केले, हसले, चीज खाल्लं. पण तिकडे एवढंसं पाणी सांडलं तरी त्याचा जबाब लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गावच्या कचेरीत बोलावलं. आम्ही खरं तर पहाटेच्या गाडीने शहरात जाऊन चॉकलेटं घेणार होतो. अख्ख्या सोसायटीने मागितलेली चॉकलेटं. ती राहिली. मी आणि उन्नती कचेरीत गेलो. विनिता म्हणाली, “मी थांबते. निदान गालिचे तरी वाळत घालू लागते त्यांना.”

कचेरीतल्या साहेबांना घाई नावाचा प्रकार ठाऊक नव्हता. खोलीला एकच खिडकी, तिच्यापुढे फायलींचं कपाट. साहेब प्रश्न विचारायचे, उन्नती सांगायची, मी उत्तर द्यायचो, ते टंकायचे, मग सगळं वाचून दाखवायचे.

“फ्रिज पलंगावर ठेवण्याचं कारण?”

“सवय,” मी म्हणालो.

साहेबांनी बराच विचार केला. मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना विचारलं. दोघांनी मिळून एक जाडजूड पुस्तक उघडलं. शेवटी त्यांनी काय टंकलं ते मला माहीत नाही, मी सही केली.

बाहेर आलो तर रस्ता चमकत होता आणि अंगावर मस्त कोवळं ऊन. मी आणि उन्नती धावत सुटलो. हॉटेलच्या मागच्या अंगणात दोरीवर गालिचे टाकलेले होते आणि विनिता त्यांच्यासमोर नुसती उभी होती. साडीच्या निऱ्या घोट्यापर्यंत ओल्या. सुझानबाई तिच्या शेजारी. मी समोर बघितलं. ढगांचं दार नुकतंच लागलं होतं. पांढरं.

“दिसला,” विनिता म्हणाली.

“कधी?”

“आत्ताच. अख्खा.”

“आईने बघितला?”

“त्या आंघोळीला गेल्यात. मी इथून हाक मारली, पण नळाचा आवाज.”

आणि मग मी गाढवासारखं विचारलं, “फोटो?”

आमचे दोन्ही फोन तेव्हा सुझानबाईंच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात होते. विनिताने वाकून टोपलीतला शेवटचा गालिचा उचलला आणि पिळायला लागली. उन्नतीने विचारलं, “आई, कसा होता गं?” तर एवढंच म्हणाली, “होता.” परतीच्या विमानातही त्यापलीकडे काही बोलली नाही.

वसईला आलो आणि दोन दिवसांनी आमच्या घरात सोसायटीची बैठक भरली. विषय गटार सफाई. पण गटाराशी कुणाला काही घेणंदेणं नव्हतं, सगळे फोटो बघायला आले होते. उन्नतीने तिच्या फोनमधले टीव्हीवर लावले. पांढऱ्यापुढे लाल झगे. पांढऱ्यापुढे आई. नुसतं पांढरं.

“ये भी बादल?” हंसाबेनने विचारलं.

“हे दुसरे ढग,” उन्नती म्हणाली.

“म्हणजे डोंगर राहिलाच म्हणायचा,” परुळेकर म्हणाले. “आमच्या दुबईत बघा, जे बघायचं ते दिसतं. गॅरंटी.”

चहाचा ट्रे घेऊन विनिता बाहेर आली. “दिसला,” ती म्हणाली. “शेवटच्या दिवशी. मी बघितला.”

“फोटो?”

“फोटो नाही.”

“हो का,” परुळेकर म्हणाले. “असेल, असेल,” आणखी कुणीतरी म्हणालं. नातवाला शाळेत पहिला नंबर मिळाला, असं म्हातारी सांगते तेव्हा म्हणतात ना, तसं ‘हो का’. विनिताचा चेहरा उतरला. जमिनीकडे बघत ती कप भरायला लागली, जे आधीच भरलेले होते.

माझं डोकं सणकलं. एवढा खटाटोप, एवढं भिजणं, बाईने आयुष्यात एक गोष्ट मागितली, ती तिला मिळाली, आणि हे माझ्या घरात माझ्या खुर्च्यांवर बसून तिला ‘हो का’ म्हणणार?

मायकल माझ्याकडे वळून म्हणाला, “चेंदवणकर, तू बघितलास का?”

आता मी कसा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पाणी कुठवर आलं ते मी पट्टी लावून मोजतो, अंदाजाने सांगत नाही. उन्नती छताच्या पंख्याकडे बघत होती.

“बघितला,” मी म्हणालो.

“कसा होता?”

“उंच.”

“आणि?”

“पांढरा. कॅलेंडरवर असतो त्यापेक्षा खूपच मोठा. टोकाला जरासा असा डावीकडे वाकलेला…”

“वाकलेला नव्हता,” विनिता म्हणाली.

“नव्हता,” मी म्हणालो. “मीच वाकडा उभा होतो. गालिचा जड होता.”

सगळे हसले. पण हसणं आता माझ्यावर होतं, तिच्यावर नव्हतं. पूरप्रमुखाने सांगितलं म्हणजे असणार, असं हंसाबेन म्हणाली. परुळेकरांनी आणखी एक बिस्किट घेतलं आणि गटारावर बोलायला सुरुवात केली. मायकलने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

बैठक उठली आणि थांबलेला मान्सून आला. गच्चीवर ताशा वाजल्यासारखा. आई आणि उन्नती आतल्या खोलीत झोपायच्या तयारीला लागल्या. विनिता समोर येऊन उभी राहिली.

“खोटं का बोललात?”

“तू बघितलास ना?”

“बघितला.”

“मग झालं तर. मला तुझ्या तोंडाकडे बघून कळलं. कचेरीतून आलो तेव्हाच.”

ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

“वाकलेला कुठून काढलात हो?”

“सुचलं ते बोललो.”

“ऐका नीट. परत कुणी विचारलं तर फजिती व्हायची,” ती म्हणाली. “गालिच्याचं एक टोक माझ्याकडे, एक त्या बाईंकडे. दोरीवर टाकायला दोघींनी वर उचलला. पाणी पायांवर गळतंय. दोरीच्या वर काहीतरी पांढरं दिसलं, मला वाटलं ढगच. मग ढग सरकला आणि ते जागचं हललं नाही.”

बाहेरून हंसाबेनची हाक आली, “चेंदवणकरभाई! पानी गेट तक आ गया!”

माझा हात खिशात गेला. मी उठलो, मीटरच्या पेटीकडे दोन पावलं टाकली.

“बसा,” विनिता म्हणाली. “दुसऱ्या दांडीलासुद्धा लागलेलं नाही. आणि मेन स्विचला हात लावलात तर बघा.”

मी खिडकीशी गेलो. बाहेर मायकल छत्री घेऊन उभा होता, माझ्याच खिडकीकडे बघत. मी जुडग्यातून शिट्टी सोडवली आणि गजांतून त्याच्या हातात दिली. तो काही विचारणार होता, त्याआधी मी खिडकी लावून घेतली.

“हं,” मी येऊन बसलो. “हललं नाही. मग?”

“मग उजवीकडून ऊन आलं,” विनिता म्हणाली.

बाहेर शिट्टी वाजली. तीनदा वाजवायची असते, त्याने दोनदाच वाजवली. मी उठलो नाही.